बारा जिवांची

शेजारच्या वानखडे सरांकडे पेपर मागायला गेलो आणि टेबलावरच्या झुरळावर चप्पल हाणली. नेम असा, की झुरळ वाचलं, सरांचा कप फुटला.

"काऊन मारता तिले?" सर ओरडले. "शतपावली चालू हाय तिची. गरवार हाय ते!"

"म्हणजे दोन जिवांची?" मी ओशाळून विचारलं.

"बारा! बारा जिवांची!"

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत कुणी कुत्रा पाळतं, कुणी पोपट. सरांनी लोणच्याच्या बरणीत झुरळं पाळलीत. तीही साधी नव्हेत. अंडी टाकून निघून जाणाऱ्या झुरळांना सर 'बेजबाबदार' म्हणतात. यांची झुरळं पिल्लांना पोटातच दूध पाजतात आणि जिवंत जन्माला घालतात. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवल्यामुळे सरांना समोर कायम वर्गच दिसतो.

"मेंदूमांगं दोन इटुकल्या ग्रंथी. त्याइचं हार्मोन वाढलं का अंडे पिकते. पण पोटात पिल्लं आले का तेच हार्मोन कमी व्हा लागते, तवा दूध सुटते. नाई झालं कमी, तं पिल्लं पडते. समजलं का मांगच्या बाकाले?"

खोलीत मी एकटाच होतो.

"अन् तुमी तिले धसका देल्ला!"

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून गाजर घेऊन गेलो. सर अकोल्याच्या मुलीशी फोनवर बोलत होते. तिला सातवा महिना. आधीचं एक गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हटलेलं. तिची आई दोन वर्षांपूर्वीच वारली.

"झुरळीन बरी हाय," सर सांगत होते. "सकाळी जेवली बॉ ते." सरांनी पेन उघडलं. "जेवली का म्हटलं ते?"

पलीकडून उत्तर आलं असावं. सरांनी बरणीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं : 'दीड पोळी, वरण. चक्कर नाही.'

झुरळ वरण-पोळी खात नाही, एवढं प्राणिशास्त्र मलाही येतं.

"सर, अकोला काय लांब आहे? जाऊन या ना."

"अन् इले कोण पाहील?" बरणी पुसत सर म्हणाले. मग हळूच, "बापानं जाऊन काय कराचं हो तिथं? माय असती तं गोष्ट येगळी."

मागच्या बाकाला समजलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारणारी ही बाई. तिनं गॅस बारीक केला.

"सरले सकाळच्या गाडीत बसवून द्या. बरणी आना इकडं," ती म्हणाली. "अन् तिचं बाळंतपण होयेस्तोर तुमी घरात चप्पल घालाची नाई."