धुरीकाकांचा नावबदलाचा खेळ

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दोघं भांडायला लागले की तिसऱ्या मजल्यावरून शिट्टी वाजायची. पाठोपाठ धुरीकाका उतरायचे. हाफपँट, गळ्यात शिट्टी आणि दोन्ही हातांत एकेक घडीची खुर्ची. अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर कामगारांना मिळून काम करायला शिकवलं, तेही खेळ घेऊन. निवृत्त झाल्यावर त्यांच्या तावडीत आम्ही सापडलो.

"भांडा, पण नियमाने!" हे त्यांचं पालुपद. नियम एकच. नावं बदलायची आणि समोरच्याच्या बाजूने भांडायचं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाणी सकाळी पाऊण तास यायचं. त्यावरून परबवहिनी आणि शहाभाभी पेटल्या. काकांनी दोघींना समोरासमोर बसवलं. परबवहिनी शहाभाभी होऊन म्हणाल्या, "हो, मीच पहाटे गच्चीवरच्या टाकीचा कॉक माझ्या नळाकडे फिरवते. काय करणार?"

"झूठ!" शहाभाभी किंचाळल्या.

काकांनी शिट्टी फुंकली. "फाऊल! तुम्ही आता परब आहात ना!"

एवढ्यात पाणी गेलं. दोघींच्या बादल्या कोरड्या. मग दोघींनी मिळून काकांना असं झाडलं की बिल्डिंग गोळा झाली. काका खूश. "बघा, एकजूट झाली की नाही?"

अशा माणसाचं करायचं काय, सांगा. घरात माझा आवाज जरा चढला की दारावर टकटक. "देसाई, खुर्च्या आणू काय रे?"

आता जे सांगतो ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

एका रविवारी काकांनी मला वर बोलावलं. खुर्च्या मांडलेल्याच होत्या. "मेल्या, आज तू माझो विनू हो." विनू त्यांचा मुलगा. लग्नावरून वाजलं म्हणून वाकोल्याला वेगळा राहायचा. चार वर्षं बापलेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

काका खाली बघत म्हणाले, "विनू, चूक माझी होती. येऊ का रे तुझ्याकडे?"

खाली टीव्हीवर मॅच चालू होती आणि मी इथे अडकलो होतो. वैतागून म्हणालो, "नका येऊ. तुमच्या या खेळांना कंटाळूनच घर सोडलं मी."

काकांनी मान डोलावली. मग "बरं झालं विचारलं," म्हणाले आणि टेबलावरचं आंतर्देशीय पत्र उचललं. त्यावर विनूचा पत्ता लिहिलेला होता, फक्त चिकटवायचं बाकी होतं. ते त्यांनी दोनदा दुमडून खिशात घातलं.

विनूला मी जन्मात एकदाही भेटलो नव्हतो. काका, हे विनू नाही बोलला, मी बोललो, एवढंच सांगायचं होतं. ते न सांगताच मी जिना उतरून मॅच बघायला गेलो.