तांबड्या फडक्यातल्या पोथ्या

"रद्दीवाल्याला? वेड लागलंय का तुम्हाला?" अनसूयाबाईंनी आधी खिडकी लावली आणि मग नवऱ्यावर डोळे वटारले. "उद्या त्याच पानात भजी बांधून चतुराबाईंच्या घरी जातील!"

मुकुंदरावांनी माळ्यावरून काढलेल्या गठ्ठ्यांकडं पाहिलं. गोधडीकामाची जुनी मासिकं, चांगली अकरा वर्षांची. चिकलठाण्याच्या गल्लीत कुणाला सुगावा लागू नये म्हणून बाई ती सोयगावला, माहेरच्या पत्त्यावर मागवत. कारण आपल्या गोधड्यांवरची नक्षी "माझ्या डोक्यातून निघते" असं त्या अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत होत्या. त्याबद्दलच येत्या रविवारी महिला मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. आणि नेमका उद्या घर रंगवायला फकिरा येणार होता, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय शेजारच्या चतुराबाई, त्याही मंडळात गोधड्या शिवणाऱ्या, दोन दिवसांत तीनदा साखर मागायला येऊन माळ्याकडं मान वर करून बघून गेल्या होत्या. तीनदा! एवढी साखर लागते कुणाला?

"मग जाळून टाकू."

"विद्या जाळायची? आणि धूर निघाला की पहिली तीच धावत येईल."

शेवटी विसर्जन ठरलं. जुन्या पोथ्या नाही का आपण पाण्यात सोडत? गठ्ठे तांबड्या फडक्यात बांधले आणि भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मुकुंदराव लुनावरून हर्सूलच्या तळ्याकडं निघाले. कुणी विचारलंच तर पोथ्या आहेत म्हणून सांगायचं, असं त्यांना चारदा बजावून झालं होतं.

तळ्यावर विचारायला हवालदार बद्रीनाथ जीप लावून उभाच होता.

"काय हाय काका गाठोड्यात?"

"पोथ्या. विसर्जन करायचंय."

बद्रीनाथनं झटकन बूट काढले. "मंग दर्शन तर घिऊ द्या. माजी आई लई पोथ्या वाचायची." त्यानं गाठ सोडली, वरची पोथी कपाळाला लावली आणि उघडली. आत मोराची गोधडी आणि उशीचे अभ्रे.

"काका, ह्यो कंचा अध्याय?"

मुकुंदरावांना दरदरून घाम फुटला. घाम पाहून बद्रीनाथचा संशय पक्का झाला. "चोरीचा माल दिसतोय. चला, घर दाखवा."

जीप गल्लीत शिरली आणि झोपलेली गल्ली टक्क जागी झाली. सगळ्यांच्या पुढं अर्थातच चतुराबाई.

"बाई, ही मासिकं तुमची?"

अनसूयाबाईंनी चतुराबाईंकडं पाहिलं. "मी तर बाई पहिल्यांदाच बघतेय."

"मंग चला काका ठाण्यावर."

मुकुंदराव मागं वळले. जीपमध्ये जाऊन बसले आणि गाठोडं मांडीवर घेतलं. तीस वर्षांच्या संसारात प्रत्येक गोष्ट त्यांनी अशीच मुकाट्यानं केली होती. ते बघून अनसूयाबाईंना एकदम भडभडून आलं.

"थांबा हो! माझीच आहेत ती. सगळी नक्षी त्यातलीच. माझ्या डोक्यातून एक टाका निघालेला नाही. चुलीत घाला तो सत्कार!"

गल्ली चिडीचूप झाली. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. चतुराबाई खाली मान घालून घरात गेल्या, मागोमाग मंडळातल्या सारजाबाई गेल्या. बायकोला दाखवतो म्हणून मोराचा अंक तेवढा बद्रीनाथनं ठेवून घेतला.

"एवढ्या गप्प? नक्की काहीतरी शिजतंय," अनसूयाबाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच म्हणत होत्या. फकिरा रंगाचे डबे ठेवून जेवायला गेला आणि दार वाजलं. दारात चतुराबाई. त्यांनी मागं-पुढं बघितलं, आत येऊन कडी लावली आणि पदराखालचं गाठोडं मुकुंदरावांपुढं ठेवलं. तांबडं फडकं, वर घट्ट गाठ.

"भाऊजी, हर्सूलला पुन्हा चक्कर हाय का? माज्याबी थोड्या पोथ्या व्हत्या. सारजाबाईच्या दोन गोण्या मागच्या दारानं येतायत."

अनसूयाबाईंनी गाठोडं चाचपलं. "आणि सत्कार?"

"व्हऊ द्या की गपचिप!" चतुराबाई म्हणाल्या. "पुढच्या साली माजा नंबर हाय."