देवाच्या कपाळावरच्या पाकळ्या

परशूअण्णा आपले बैल दुसऱ्यांच्या गोठ्यात बांधून येऊ लागले, तेव्हा इंदुबाईंनी नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. अण्णा बधले नाहीत. "मला काय झाल्यालं न्हाई. देवानं कौल दिला तर येतो."

त्यातच बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची मुलगी प्राजक्ता गावी, बाजारकुणंगला आली. सोबत एक कुपी होती. ती पुढे गोव्याला तपासणीसाठी न्यायची होती, तोवर फ्रिजमध्ये बांगड्या माशांशेजारी ठेवली.

"ह्यात काय हाय गे?" इंदुबाईंनी विचारलं.

"पेप्टाइड. म्हंजे प्रथिनांचे बारके तुकडे. विसरणाऱ्या माणसाच्या मेंदूत अमायलॉइडच्या गाठी साचतात. हे त्या बरोबर ओळखतं आणि तिथंच चिकटतं. चांगल्या जागी चिकटत न्हाई."

"औषध हाय?"

"न्हाई. नुसतं ओळखतं."

इंदुबाईंना तेवढं पुरलं. देवानं कौल द्यायचा तर त्याला आजाराची नीट माहिती हवी, असं त्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी इंदुबाई अण्णांना घेऊन देवळात गेल्या. लखू गुरव देवाच्या कपाळावर ओल्या पाकळ्या लावायला बसला. उजवी आधी पडली तर डॉक्टरकडे जायचं, डावी पडली तर घरी बसायचं. इंदुबाईंनी हळूच कुपी पुढे केली. "लखूमामा, आज ह्यात भिजवा."

लखूनं वास घेतला, पाकळ्या बुडवल्या, चिकटवल्या. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. नंतर विनवलं. शेवटी देवाला थोडं दटावलंही. पाकळ्या हलेनात. मागे लग्नाचा आणि विहिरीचा कौल घ्यायला आलेली माणसं खोळंबली.

एवढ्यात प्राजक्ता धावत आली. "आई, कुपी कुठाय? वर्साचं काम हाय त्यात."

"देवाला लावली. पर पाकळी पडंना झालीय. तूच म्हटलंस, विसरणाऱ्याच्या डोक्यालाच चिकटतं, चांगल्या जागी चिकटत न्हाई."

लखूनं सावकाश देवाकडे पाहिलं. "तरीच," तो म्हणाला. "रस्त्याचं गाऱ्हाणं घालून किती वर्सं झाली."

"माझ्या हिरीचं बी," मागून आवाज आला.

प्राजक्ता रडकुंडीला आली होती. द्रावणात ग्लिसरीन होतं, म्हणून पाकळ्या चिकटल्या. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तर अण्णा हात जोडून पुढे झालेले.

"देवा, तुला बी व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा मोकळा दिसला नव्हता. "मग मला कसली लाज? चल गे पोरी, धारवाडला डॉक्टरकडं जाऊ."

प्राजक्तानं तोंड मिटलं आणि रिकामी कुपी प्रसाद ओच्यात घ्यावा तशी ओढणीत गुंडाळली.

बाहेर अण्णांनी लखूच्या चपला पायात घातल्या. लखूनं ते पाहिलं आणि अण्णांच्या चपला आपल्या पायात सरकवल्या.