तीन शब्दांचा मान

जिनपाल मगदुमांचं इंग्रजी म्हणजे अख्ख्या शिरोली एमआयडीसीत एक नंबर! असं ते स्वतःच सांगत. म्हणून १९९८ साली 'माल तपासता का?' असा जर्मन गिऱ्हाइकाचा फॅक्स आला, तेव्हा ते कारकून होते त्या व्हॉल्व्ह कारखान्याचे मालक पृथ्वीराज त्यांनाच म्हणाले, "मगदूम, पाचच्या आत उत्तर गेलं पायजे. चारशेच्या चारशे व्हॉल्व्ह आमी तपासूनच पाठवतो, एवढंच लिवा. ऑर्डर गेली तर तुमीबी गेला!"

"एका ओळीचं काम हाय, सायेब!" मगदूम म्हणाले आणि त्या एका ओळीतच अडकले. 'तपासतो'ला नेमकं काय लिहायचं?

"चेक लिवा की!" मालक म्हणाले.

"चेक कुठलं? टेस्ट!" फोरमन पिराजी गरजला. "परत्येकावर हातोडी मारून आवाज ऐकतो मी!"

मगदुमांनी राजारामपुरीत इंग्रजीचे क्लास घेणाऱ्या प्रसेनजीत कांबळे सरांना फोन लावला. सर म्हणाले, "इन्स्पेक्ट. दुसरं काही लिहिलंत तर मला विचारलं होतं म्हणून सांगू नका!"

साडेचार वाजले. मालकांचा शब्द गाळावा तर नोकरीचं काय? पिराजीचा गाळावा तर तो महिनाभर तोंड फिरवणार. आणि सरांच्या क्लासला तर मगदुमांची स्वतःची मुलगी! शेवटी लग्नपत्रिकेत सगळ्या काकांची नावं घालतात, तसे त्यांनी तिन्ही शब्द घातले. चार अठ्ठावन्नला फॅक्स गेला. कुणी नाराज नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यांना खिळे ठोकून झाले, ट्रक फाटकात उभा राहिला आणि जर्मनीचं उत्तर आलं: वाचून फार आनंद झाला. आता चेक, टेस्ट आणि इन्स्पेक्ट, प्रत्येक व्हॉल्व्हचे तीन वेगळे रिपोर्ट, तीन वेगळ्या माणसांच्या सह्यांनी, उद्या दुपारपर्यंत पाठवा. नाहीतर माल नको!

"आरं, एकाच हातोडीत तिन्ही झालं की!" पिराजी ओरडला.

"बाराशे रिपोर्ट!" मालक मटकन खाली बसले. मगदुमांना वाटलं, संपलं आपलं.

खिळे उपटले, खोकी फोडली. मालकांनी चेक केलं, पिराजीनं टेस्ट केलं आणि मगदुमांनी वाकून वाकून इन्स्पेक्ट केलं. दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना शेवटचा कागद फॅक्स मशीनमध्ये गेला.

मशीन घरघरलं. माल मंजूर! हा फॅक्स मिळाल्याची पोच लगेच कळवा.

"मगदूम," मालक हात जोडून म्हणाले, "आता नुसतं येस लिवा. एकच शब्द!"

मगदुमांनी पेन उघडलं, कोऱ्या कागदाकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "सायेब, येस लिवू की ओके?"