ऐकण्याआधीचा होकार

मंगळवारी सकाळी सव्वादहाला, भरल्या बैठकीत, आमच्या दाजींनी आमदारकी सोडली. ती अजून मिळालेली नव्हती, ही गोष्ट वेगळी!

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जिल्ह्यातले पुढारी. गटारं, नळ आणि रस्ते यांत उमेदवारी झाल्यावर यंदा आमदारकीचं तिकीट त्यांनाच मिळणार, हे मी छातीठोकपणे सांगत होतो. प्रचार माझ्याकडे होता ना! दारात आलेल्याचं गाऱ्हाणं ऐकत बसायचं नाही. खांद्यावर हात ठेवून आधीच ‘काम झालं समजा’ म्हणायचं, ही माझीच शिकवण. दाजींनी ती इतकी घोटली, की पत्ता विचारायला आलेल्या एका वाटसरूलाही ते हेच म्हणाले. तो बिचारा अजून शोधत असेल.

त्या सकाळी पक्षाचे निरीक्षक आले. तिकीट घेऊनच आले, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं.

निरीक्षक खुर्चीत टेकले. ‘‘एक अवघड काम आहे. अध्यक्षांची अशी इच्छा–’’

दाजींचा हात त्यांच्या खांद्यावर. ‘‘काम झालं समजा!’’

‘‘अहो, आधी ऐका तर!’’

‘‘ऐकायचं काय त्यात? शब्द म्हणजे शब्द!’’

मी टाळ्या सुरू केल्या. सगळ्या बैठकीने उचलून धरल्या.

निरीक्षकांचे डोळे पाणावले. ‘‘धन्य आहात! अध्यक्षांच्या पुतण्यासाठी जागा सोडा, हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू, या विचाराने माझं जेवण गेलं होतं!’’

दाजींचा चेहरा इस्त्रीखाली विसरलेल्या सदऱ्यासारखा झाला. हात मात्र खांद्यावरच! तेवढ्यात फोटो निघाला. दुपारपर्यंत तो जिल्हाभर फिरला. खाली लिहिलेलं, ‘त्यागमूर्ती’.

मी सावरायला गेलो. पत्रकारांना सांगितलं, ‘‘दाजी तापात बरळले.’’ संध्याकाळी लोक फळं घेऊन समाचाराला आले. सर्वांत मोठी करंडी पुतण्याची!

‘‘आता तुम्ही फक्त आराम करा, काका,’’ तो म्हणाला.

तो गेल्यावर ताई कडाडली. ‘‘खांद्यावर हात तुम्ही ठेवायचे, आणि माणसं मागच्या दाराने माझ्याकडे यायची! त्यांचं ऐकून फोन कोण फिरवत होतं इतकी वर्षं? उद्या अध्यक्षांकडे मी बोलणार. तुम्ही आत गेलात तर घरही देऊन याल!’’

दाजी पुतण्याच्या करंडीची रिबीन सोडवत बसले. मी तर फळं खात होतो.

बुधवारी ताई अध्यक्षांच्या खोलीत गेली. दाजी आणि मी बाहेर बाकावर. बऱ्याच वेळाने निरीक्षक बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन कुजबुजले, ‘‘अध्यक्ष विचारात पडलेत. पुतण्यापेक्षा ताईच बऱ्या, म्हणतायत. ताईंनी विचाराला थोडा वेळ मागितलाय.’’

मी बाकावर परत आलो.

‘‘काय रे, काय म्हणाले?’’

‘‘तिकीट बहुतेक आपल्याच घरात राहतंय, दाजी.’’

‘‘बघ! शेवटी माझीच किंमत कळली!’’ दाजींनी खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडायला घेतला.

हे लिहीपर्यंत ताई बाहेर आलेली नाही. दाजींना मी अजून काही सांगितलेलं नाही.