पडद्याआडचे अकरा हात

रामीबाई पंचायतीची मेंबर झाली ती सासऱ्याच्या कृपेनं. सरकारनं कायदाच काढला होता, पंचायतीत दोन बाया पाहिजेत. तिचा सासरा हिरासिंग, बंजारा तांड्याचा नाईक आणि गावचा सरपंच, यानं विचार केला, सून काही सासऱ्यापुढं तोंड उघडत नाही. मग इतकी सोयीची मेंबर पार दिग्रसपर्यंत शोधून सापडायची नाही. दुसरी म्हणून म्हातारी बिजलीबाई घेतली.

पण पहिल्याच सभेत पंचाईत झाली. सून अन् सासरा एका जाजमावर बसणार कसे?

"सून बाहेर निंबाखाली बसंल," हिरासिंग म्हणाला.

"आत बसल्याबिगर हजेरी लागत नाही, नाईक," ग्रामसेवक मारोतराव म्हणाला.

शेवटी खोलीच्या मधोमध, बसल्या माणसाच्या डोक्याइतकी उंच दोरी बांधून जाड पासोडी टाकली. इकडं पुरुष, तिकडं बाया. सगळ्यांची अब्रू राहिली.

आता, सून एकटी कशी बसेल? म्हणून सोबतीला सासू सोनीबाई आली. सासू आली म्हणून शेजारणी आल्या, गुपचूप, मागच्या दारानं. पडद्याआड डोकवायची कोणाची छाती होती? तांड्यातला हरेक बाप्या रामीचा सासरा नाहीतर मोठा दीर.

यंदा एकच काम व्हायचं होतं, कोंडवाडा नाहीतर तांड्यात विहीर. पुरुषांचा जीव कोंडवाड्यात. बायांना पाणी नाल्यात उकरलेल्या झिऱ्याचं, तोही कोसभर लांब, उन्हाळ्यात वाटीवाटीनं घागर भरायची. मागच्या चैतात पोटुशी असताना रामी तिथंच घागरीसकट पडली होती, आणि पोर काही राहिलं नाही.

ती बिजलीबाईच्या कानाशी लागली.

"रामी म्हनते," बिजलीबाई मोठ्यानं म्हणाली, "ढोरं कोंडायच्या आंधी मानसाइले पानी पाजा."

"तिले सांग," पडद्याकडं पाठ करून हिरासिंग म्हणाला, "मेंबरनं नुसता हात वर करायचा असते."

"विहिरीच्या बाजूनं कोण?" मारोतरावानं विचारलं.

रामीनं हात वर केला. बिजलीबाईनं केला. बाकीच्या बायांना वाटलं, सभेत आलो म्हणजे करायचाच असतो. सोनीबाईचा हात तर सगळ्यांहून उंच गेला.

"नाईक," मारोतराव चाचरत म्हणाला, "बायका मेंबर दोन, अन् हात अकरा हायेत जी."

"कोन कोन हाय, पाहा न."

"मी परका माणूस, मी कसा पाहू? तुमीच पाहा."

पलीकडं जाजम सरकलं. सासरा वळला असणार. रामीनं मान वर केली तर साऱ्या तळव्यांवर झिरा उकरून पडलेले घट्टे. आता मेंबरकी जाते, अन् विहीरही जाते, असं तिला वाटलं. सगळ्यांत उंच हातातल्या बांगड्या तर सासऱ्यानंच घेऊन दिलेल्या.

"दोनच लिहा," शेवटी हिरासिंगचा आवाज आला. "अन् तिसरा हा माहा."

नाईकाचा हात वर गेल्यावर बाकीच्यांचे कशाला खाली राहतात?

रामीचे डोळे भरून आले. त्यानं तिला गप्प बसायसाठीच मेंबर केलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तरी त्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं. पण सासऱ्याशी बोलायची सोय नाही.

"माय, त्याइले सांग," ती बिजलीबाईला म्हणाली, "लय उपकार झाले. जल्मभर इसरनार नाही."

बिजलीबाईनं सांगितलं.

"उपकार कायचे?" पलीकडून हिरासिंग म्हणाला. "तिले सांग, पुढच्या मीटिंगले पासोडी जरा लांब आना. तिच्या सासूचे पाय दिसून राह्यले."

सोनीबाईनं चटकन पाय घागऱ्याखाली ओढून घेतले.