तोंड फिरवलेला म्हातारा

"खेळातली गोष्ट माझ्या सासूबाईंनाही कळली पाहिजे!" साहेब म्हणाले, आणि गोष्टवालीने कपाळावर हात मारला.

व्हिडिओ गेम बनवणारं ते ऑफिस तसं लहानच होतं. खाली चष्म्यांचं दुकान, वर हे. खेळाची सगळी यंत्रणा एकहाती सांभाळणारा प्रोग्रामर भरघोस दाढीमुळे 'दाढी' झाला होता, आणि खेळातली गोष्ट रचणारी ती 'गोष्टवाली'. साहेबांना सगळे 'सर' म्हणत, पण त्यांची पाठ वळली की ते 'खुलासेसाहेब' होत. कारण लिफ्टचं बटण दाबतानासुद्धा आपण वर का चाललो आहोत, हे ते शेजारच्या अनोळखी माणसाला समजावून सांगत. तो माणूस बिचारा मान डोलावून एक मजला आधीच उतरायचा.

खेळ होता एका ओस पडलेल्या किल्ल्याचा. एका रात्रीत सगळं राज्य बुडालेलं, आणि खेळणाऱ्याची तरुण योद्धी त्या रिकाम्या दालनांतून हिंडते. गोष्टवालीने तीन वर्षं खपून त्यात गोष्ट लपवली होती. कुणी काही सांगायचं नाही, जे आहे ते पडलेल्या वस्तूंतून दिसलं पाहिजे. ताटं अर्धी जेवून टाकलेली. जिन्यावर लहान मुलाचा एकच बूट. आणि मुख्य म्हणजे वेशीच्या दाराला आतून लावायचा जाडजूड लाकडी अडसर तुटलेला नाही, भिंतीला नीट टेकवून ठेवलेला. म्हणजे शत्रूने दार फोडलं नव्हतं, ते आतून कुणीतरी उघडलं होतं. उघडणारा होता म्हातारा द्वारपाल, किल्ल्यात जिवंत उरलेला एकटाच माणूस. हे खेळात कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि तिला त्याचाच अभिमान होता.

"पण हे लोकांना सांगणार कोण?" साहेबांनी विचारलं होतं.

"सांगायचं नाही, सर. दिसेल."

"दिसेल हो! पण दिसलेलं समजावणार कोण?"

मग साहेबांनीच उपाय काढला. समजावणार खुद्द द्वारपाल. योद्धी वेशीच्या दालनात आली की त्याने पुढे यायचं, "ऐक, वीरांगने!" म्हणायचं आणि राज्याच्या स्थापनेपासून सुरुवात करायची. आवाजासाठी नट बोलावला, पण त्याच्यात भावना कमी पडते म्हणून साहेबांनी स्वतःचाच आवाज दिला. तेवढ्यावर भागलं नाही. दाढीने त्यांच्या अंगाला वायरी बांधून त्यांना ऑफिसभर चालवलं आणि त्यांची चालही म्हाताऱ्याला दिली. पोट पुढे, हात मागे.

"एक मात्र लक्षात ठेव," साहेबांनी दाढीला बजावलं होतं. "माझा म्हातारा कुणाच्या पाठीशी बोलणार नाही. समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून!"

दाढीने तसंच करून ठेवलं.

"सर, गुन्हेगारच सगळं सांगत सुटला तर शोधायचं काय?" गोष्टवालीने शेवटचा प्रयत्न केला.

"मॅडम, खेळांच्या प्रदर्शनात लोकांना गोष्ट कळली नाही, तर पुढच्या खेळापासून गोष्टच बंद. नुसती मारामारी. आणि मग तुमचं काम..."

आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांनी वाक्य अर्धवट सोडलं. गोष्टवालीला ते पूर्ण कळलं.

प्रदर्शनाच्या दिवशी दारं उघडायला थोडाच वेळ उरला असताना दाढीने एकदा खेळ चालवून पाहिला. योद्धी ऐटीत वेशीच्या दालनात शिरली आणि फरशीतून खाली गेली. खाली नुसता निळा रंग. त्या रंगात ती पडतच राहिली.

"भोक राहिलंय!" दाढी ओरडला. त्याने घाईघाईने किल्ल्याच्या मुदपाकखान्यातली एक लोखंडी बादली उचलली आणि भोकावर आणून ठेवली.

"वेशीच्या दालनात बादली?" गोष्टवाली कळवळली. "अरे, गोष्टीत बादली नाहीये!"

"आता आहे. हाताशी तीच होती. फरशी बसवायला दुपार जाईल."

दारं उघडली आणि गर्दी आत आली. पाठीवर सॅक लावलेली एक कॉलेजातली मुलगी पहिली खेळायला बसली. मागे साहेब हात चोळत उभे राहिले. योद्धी दालनात आली. तिकडून म्हातारा निघाला, पोट पुढे, हात मागे. वाटेत बादली होती. तो तिला अडखळला, तिरका वळला, चालत चालत थेट कोपऱ्यात गेला आणि भिंतीला नाक लावून उभा राहिला. त्या म्हाताऱ्याला माघारी वळायला कुणी शिकवलंच नव्हतं.

योद्धी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हातारा गप्प.

"हा बोलत का नाही?" साहेबांनी दाढीला कोपर मारलं.

"समोरासमोर आला की बोलेल, सर. तुमचीच अट."

"मग वळव त्याला!"

"बादली काढावी लागेल."

"काढ की मग!"

"खाली भोक आहे, सर."

साहेबांचा चेहरा पडला. पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. म्हातारा बोलत नाही तर आपण बोलू, असं म्हणून त्यांनी मुलीच्या कानाशी वाकून सुरुवात केली, "ऐक, वीरांगने! फार वर्षांपूर्वी..."

"काका, प्लीज! मला शोधू द्या ना!"

"शांत राहा हो," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हालाही बघायचंय."

साहेब मागे सरकले. एवढ्या मोठ्या गर्दीत गप्प उभं राहण्याची त्यांना सवय नव्हती. हातांचं काय करावं, हेही त्यांना कळेना.

मुलीने दालनात दोन चकरा मारल्या. मग ती अडसरापाशी थांबली. "अरेच्चा, हा तर तुटलेलाच नाहीये." तिने वळून कोपऱ्यातल्या पाठमोऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "आणि हा तोंड का लपवतोय?"

झालं, गर्दीत कुजबुज सुरू झाली. बघता बघता दाराबाहेरपर्यंत रांग लागली. जो तो येऊन अडसर बघायचा, बूट बघायचा आणि म्हाताऱ्याच्या पाठीमागे निमूट उभा राहायचा. बादलीला तर कुणी हात लावेना. "रोज जमीन धुतो तो," एक टक्कल पडलेले गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. "पण डाग जात नाही. मनातला आहे ना." दाढीला चहा पिता पिता ठसका लागला.

गोष्टवाली खांबाआड उभी राहून हे ऐकत होती. आपली गोष्ट अनोळखी माणसं एकमेकांना सांगताहेत, हे पाहून तिला इतका आनंद झाला की तिने दाढीचा उरलेला चहा पिऊन टाकला आणि तिला ते कळलंही नाही.

दुपारी साहेबांच्या सासूबाई लेकीबरोबर आल्या. साहेबांच्या जिवात जीव आला. "आता बघा! आई, बसा इथे. तुम्हाला काही कळणार नाही, पण..."

"मग बसवता कशाला?" म्हणत सासूबाई बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. कुठलाही सिनेमा पहिल्या गाण्याच्या आत झोपेत घालवणारी ही बाई. पण इथे त्यांचे डोळे टक्क उघडे. लेक बटणं दाबायची आणि त्या हुकूम सोडायच्या.

"ताटं बघ. अर्ध्या घासावरून उठलेत, घाईत. चल पुढे. हा अडसर कसा नीट टेकवून ठेवलाय, दार फोडणारा इतका टापटिपीचा असतो होय? आतल्याचंच काम." मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "ह्यानेच केलंय."

सगळी रांग पुढे झुकली.

"कशावरून, आई?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

"उभं राहण्यावरून. माझा काचेचा जग फुटला, त्या दिवशी तुम्ही खिडकीकडे तोंड करून अस्सेच उभे होतात, जावईबापू. मांजराने पाडला म्हणालात."

"आपल्याकडे मांजर कुठेय?" बायकोने विचारलं.

"शेजारचं," साहेब पुटपुटले.

सासूबाई पडद्याकडे आणखी थोडं वाकल्या. "चालही ओळखीची वाटतेय मेली." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "थांब गं, उठू नकोस. ह्याला सोडायचं की शिक्षा करायची, ते बघूनच घरी जाऊ."

संध्याकाळी प्रदर्शनातल्या स्पर्धेचा निकाल लागला. सर्वोत्तम गोष्टीचं बक्षीस किल्ल्याला! परीक्षक म्हणाल्या, "एक शब्दही न बोलता हा म्हातारा सगळं सांगून जातो. असं धाडस क्वचित दिसतं." गोष्टवाली साहेबांबरोबर स्टेजवर गेली. तिने बक्षिसाची ढाल छातीशी धरली, "धन्यवाद" म्हणाली आणि माइक सोडला. टाळ्या थांबेनात.

तेवढ्यात प्रेक्षकांतून ती सॅकवाली मुलगी उठली. "सर, एकच प्रश्न! तो म्हातारा बोलला असता, तर काय बोलला असता?"

माइक साहेबांच्या हातात आला. खाली दाढीने डोळे मिटून घेतले. राज्याच्या स्थापनेपासून शेवटपर्यंत सगळं निवेदन साहेबांना तोंडपाठ होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. मग त्यांची नजर गोष्टवालीकडे गेली. तिने ढाल घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिथून नजर पहिल्या रांगेकडे वळली. तिथे सासूबाई त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या.

साहेबांनी माइक खाली ठेवला. हात मागे घेतले, सावकाश वळले आणि मागच्या पडद्याला नाक लावून उभे राहिले.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. माणसं उठून उभी राहिली, शिट्ट्या वाजल्या, टक्कलवाले गृहस्थ तर रुमालाने डोळे पुसायला लागले.

"मॅडम," साहेब पडद्याकडे तोंड करूनच कुजबुजले, "पुढच्या खेळाची गोष्ट तुम्हीच लिहायची. तुमच्या पद्धतीने. आणि बादली हवीच."

गोष्टवालीने ढाल दोन्ही हातांनी उंच केली.

खाली पहिल्या रांगेत सासूबाईंनी टाळ्या वाजवता वाजवता लेकीला कोपर मारलं.

"बघितलंस? जग ह्यांनीच फोडला."